चौथा ठोका

त्या दुपारी ठिणगी बाबांना आणि त्यांच्या नव्या गाडीला घेऊन वर्कशॉपला निघाली, तेव्हा काम अगदी साधं होतं. गाडीच्या मागच्या भागातून कसलासा आवाज यायचा, तो काढून घ्यायचा. बस्स.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून घरातल्या मोठ्यांना उलट उत्तर दिल्याशिवाय तिचा दिवस गेला नव्हता, म्हणून ते चिकटलं. पुढे ती कॉलेज संपवून नोकरीला लागली, दादा लग्न करून दूरच्या शहरात गेला, बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले. नाव मात्र होतं तिथेच राहिलं. निवृत्त झाल्यावर बाबांनी आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली, आणि आठवडाभर ते तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा कुणाला काढू देईनात.

आवाज पहिल्यांदा तिनेच ऐकला. बाबा चालवत होते, ती शेजारी बसली होती. मागून एकच ठोका आला, ठक. बंद दाराआडून कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. जरा वेळाने पुन्हा.

“बाबा, ऐकलंत?”

“काय?”

“मागे काहीतरी वाजतंय.”

“नवी आहे अजून. रुळेल हळूहळू.”

घरी आल्यावर आईनेही तीच री ओढली. “कुरकुर असायचीच गं. मी या घरात नवी होते तेव्हा मीही करायचे. मला नाही कुणी वर्कशॉपला नेलं.”

ठिणगीच्या डोक्यात तिडीक गेली. ‘चालायचंच’ हा या दोघांचा लाडका शब्द. गळका नळ चालायचाच, अर्धवट लागणारी खिडकी चालायचीच, आणि आता कोरी करकरीत गाडी वाजते तीही चालायचीच! तिने दोघांना न विचारता वर्कशॉपची वेळ घेऊन टाकली.

वर्कशॉपच्या बसायच्या खोलीत गेल्यावर तिला कळलं की आपण एकटे नाही. मुलांच्या डॉक्टरकडे बाहेर बसलेले आईबाप बोलतात, तसे गाडीवाले तिथे एकमेकांशी बोलत होते.

“आमचीचा डॅशबोर्ड थंडीत कुरकुरतो. ऊन चढलं की गप्प.”

“आमचीच्या दिव्यात वाफ साठते. हे म्हणतात, आपोआप सुकेल.”

“आमचीचं मागचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. बायको म्हणते, तुम्ही रागावलात की काय!”

बाबा या गप्पांत रंगून गेले. ठिणगी मात्र काउंटरपाशी उभी राहून तिथल्या गोड हसणाऱ्या बाईंशी भांडत होती. त्या बाईंचं म्हणणं, या मॉडेलमध्ये थोडाफार आवाज ‘नॉर्मल’ आहे. ठिणगीचं म्हणणं, मग तसं जाहिरातीत लिहा. शेवटी बाईंनी हसू आवरलं आणि आतून कानसेनला बोलावलं.

कानसेन म्हणजे तिथला आवाज शोधणारा कारागीर. त्याची पद्धत अशी की मागची सीट आडवी पाडायची, आपण डिकीत जाऊन झोपायचं, वरून झाकण लावून घ्यायचं आणि मालकाला गाडी चालवायला सांगायची. आतल्या काळोखात प्लास्टिकला कान लावून तो पडून राहायचा. आवाज सापडला की आतूनच ओरडायचा.

“भीती नाही वाटत?” ठिणगीने विचारलं.

“भीती तुमच्या ड्रायव्हिंगची, मॅडम. बाकी सवय आहे,” म्हणत तो पाय दुमडून आत शिरला.

वर्कशॉपच्या मागे खड्ड्यांचा एक रस्ता होता. ठिणगीने त्यावरून गाडी नेली, आणली, मुद्दाम आपटवली. डिकीतून हूं नाही की चूं नाही. तिचा चेहरा पडला.

“मी चालवल्याशिवाय ती वाजणार नाही,” बाबा म्हणाले. आपल्या घोड्याबद्दल बोलावं तसं.

बाबा स्टिअरिंगवर बसले, ती शेजारी. खड्ड्यांचा रस्ता संपला, पुढे गुळगुळीत डांबर लागलं, आणि मागून आलाच. ठक. थोडं पुढे गेल्यावर, ठक.

“थांबवा!” आतून कानसेन ओरडला. “थांबवा गाडी!”

झाकण उघडल्यावर तो जरा घाईनेच बाहेर आला. कपाळ पुसत म्हणाला, “सापडला. डाव्या चाकावरचं पॅनेल. आतली क्लिप सैल असणार. फोम भरून देतो.” मग बाबा हात धुवायला गेलेले पाहून त्याने आवाज खाली आणला. “मॅडम, एक विचारू? तुम्ही पुढे बसून हात मागे घालून ठोकत नव्हता ना?”

“मी कशाला ठोकू?”

“नाही... सैल क्लिप खड्ड्यात वाजते. ही खड्ड्यात गप्प होती, सपाट रस्त्यावर वाजली. आणि अगदी माझ्या उशाशी.” तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. “जाऊ द्या. भरून टाकतो.”

त्याने फोमच्या पट्ट्या ठासून ठासून भरल्या. परतताना ठिणगी विजयी चेहऱ्याने बसली होती. घरचं वळण येईपर्यंत तो विजय टिकला. वळणावर पुन्हा, ठक. या वेळी डिकीतून नव्हे. मागच्या सीटवरून.

ती पुन्हा वर्कशॉपला गेली. कानसेनने मागची सीट उचकटून खालच्या सगळ्या फटी बुजवल्या. मग आवाज बाबांच्या सीटच्या पाठीत आला. तिथेही फोम गेला. मग तो बाबांच्या डोक्यामागच्या उशीपाशी आला. एक जागा बंद केली की तो हाताच्या अंतराने पुढे सरकायचा. मागे राहायची सोय बुजवून आपण त्याला पुढे ढकलतोय, हे ठिणगीच्या ध्यानात आलं तेव्हा मागे बुजवायला काही उरलंच नव्हतं.

आणि त्याच सुमारास तिला दुसरीही गोष्ट दिसली. ती रोज डोळ्यांसमोर होती म्हणूनच इतके दिवस दिसली नव्हती.

सिग्नलला गाडी थांबली होती. बाबांची बोटं स्टिअरिंगवर पडली. टक, टक, टक. मग थोडी पोकळी. आणि त्या पोकळीत बरोबर, मागून, ठक.

ठिणगीने वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

हा खेळ तिला पाठ होता. लहानपणी घरी पत्र्याच्या डब्यासारखी एक जुनी गाडी होती. लांबच्या प्रवासात ती आणि दादा मागे कंटाळून मारामाऱ्या करायचे, तेव्हा बाबांनी तो काढला होता. बाबा स्टिअरिंगवर तीन ठोके द्यायचे. चौथा मागच्यांनी द्यायचा. जो आधी देईल तो जिंकला. कधी बाबा फसवायचे, दोनच देऊन थांबायचे. मग चुकून ठोकणारा हरला. कुठल्याही घरात नसेल असा बावळट खेळ. पुढे दादाला गाडीत झोप यायला लागली. ठिणगीने कानांत हेडफोन घातले. एकदा बाबांनी तीन ठोके देऊन आरशातून बघितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, “बाबा, प्लीज. वय बघा आमचं.” बाबांची बोटं मात्र वाजवत राहिली. सवयच ती. गेली कित्येक वर्षं ते तीन ठोके द्यायचे आणि चौथा रिकामा जायचा.

तो आता रिकामा जात नव्हता.

हे ती बोलणार कुणाशी? आईला सांगितलं असतं तर तिने ताप बघितला असता. दादाला फोन केला, तर तो हसला. “अगं, मग बरंच आहे की. आपली सुटका झाली.” ठिणगीने फोन ठेवून दिला. तिचा जीव कशातच लागेना. ऑफिसात कुणी टेबलावर पेन आपटलं तरी ती दचकायची.

इकडे बाबांचं वेगळंच सुरू झालं. संध्याकाळ झाली की ते ब्रेड आणायला म्हणून गाडी काढायचे. दुकान कोपऱ्यावर. परत यायला दिवेलागण उलटून जायची, आणि ब्रेड आणलेला नसायचा.

“नवं खेळणं मिळालंय तुझ्या बापाला,” आई म्हणायची. पण तिचाही स्वर पहिल्यासारखा राहिला नव्हता. बाबा जेवताना ताटाकडे बघत बसायचे. पूर्वी चहाला उशीर झाला की टेबलावर बोटं वाजवून आईला चिडवायचे. आता घरात त्यांचे हात मांडीवर गप्प पडून असायचे. जणू वाजवणं तिकडे गाडीतच राहिलं होतं.

ठिणगी कंपनीच्या मागे हात धुऊन लागली होती. इतक्या वेळा दुरुस्ती करून दोष जात नाही म्हणताना कंपनी गाडी बदलून द्यायला तयार झाली. फक्त बाबांची सही हवी होती. बाबा नाही म्हणाले.

“का पण?”

“काही दोष नाही तिच्यात.”

“बाबा!”

“आवाज येत नाही आता. उगाच लोकांना त्रास.”

खोटं बोलताना बाबा नेहमी चष्मा पुसायचे. तेव्हाही पुसत होते. ठिणगी तरातरा निघून गेली, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर आली आणि बिल्डिंगच्या तळघरात, पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. बाहेर अजून ऊन होतं. तळघरात मात्र कायमचीच संध्याकाळ. ओल्या सिमेंटचा आणि रबराचा वास. कुठल्याशा पाइपातून पाणी ठिबकत होतं.

बाबा गाडीतच होते. इंजिन बंद, दिवे बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती दार उघडून शेजारी बसली. नव्या प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता. त्याखाली आणखी एक वास होता. बंद शाळेच्या वर्गात येतो तसला, शिळ्या श्वासांचा.

“मागे कुणी नाहीये, बाबा,” ती हळूच म्हणाली.

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“मग काय? इतकी वर्षं मी वाजवतोय. कुणी उत्तर देत नव्हतं. आता देतंय... वाईट वाटून घेऊ नकोस. तुम्ही मोठी झालात, तुमचं बरोबरच आहे.”

ठिणगीला राग आला. रडूही आलं. या लोकांना सरळ सांगता येत नाही का की आमच्याशी बोला, आमच्याबरोबर बसा! बोटांनी वाजवत काय बसतात! पण ओठांवर आलेलं तिने गिळलं, कारण बाबांचा चेहरा तिला धड दिसत नव्हता, आणि ते काहीतरी सांगायच्या बेतात होते.

“परवा मात्र...” बाबा थांबले.

“परवा काय?”

“परवा त्यानेच आधी वाजवलं. तीन. आणि थांबलं.”

पाइपातलं पाणी ठिबकत होतं.

“मग तुम्ही?”

“मी चौथा दिला. खेळ आहे तो. कुणी तीन दिले तर...” बाबांनी तिच्याकडे बघितलं. लहान मुलासारखे घाबरलेले डोळे. “तीन कोण देतो, ठिणगे? गाडी चालवणारा देतो ना? चौथा मागे बसणारा.”

“बाबा, असं काही...”

“त्यानंतर मी कुठून कुठे गेलो ते मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा धरणाच्या भिंतीपाशी होतो. पुढची चाकं कठड्याला टेकलेली... काल पुन्हा तिथेच.”

आता ठिणगीने आवाज चढवला नाही. तिचं डोकं भराभर चालायला लागलं. बाबा आज सही करायला तयार झाले. बदलून देणारे उद्या सकाळी गाडी न्यायला येतील असं फोनवर ठरलं. पण आजच्या रात्री बाबांच्या बोटांचा भरवसा नव्हता. किल्ली तिने काढून घेतली असती, तरी ते रात्री ती शोधत फिरले असते. तिने त्यांना तसं फिरताना पाहिलं होतं. गाडी आजच्या आज वर्कशॉपमध्ये नेऊन सोडायची, असं तिने ठरवलं. ती स्वतः चालवणार होती. पण तिने स्टार्टचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, गाडी ढिम्म हलली नाही. बाबांनी बोट लावलं आणि इंजिन गुरगुरलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “तुम्हीच चालवा. मी मागे बसते. माझ्या जागेवर.”

“तू?”

“तीन तुम्ही द्यायचे. चौथा मी देणार. मधे कुणाला जागाच ठेवायची नाही.”

तळघरातून बाहेर आले तेव्हा दिवस मावळत होता. रस्त्यावरचे दिवे लागले नव्हते. ती बाबांच्या बरोबर मागे बसली होती, लहानपणी बसायची तशी, गुडघे त्यांच्या सीटला टेकवून. बाबांनी स्टिअरिंगवर बोटं टेकली. टक, टक, टक. तिसरा पडतो न पडतो तोच तिने सीटच्या पाठीवर ठोका मारला. बाबांच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं.

“चपळ आहेस अजून.”

“वाजवा.”

टक, टक, टक. ठक. टक, टक. ती थांबली; फसली नाही. बाबा मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी ते हसू तिने ऐकलं. पूल गेला, भाजी मंडई गेली, बंद कारखान्याची लांबलचक भिंत लागली. तिने एकही ठोका दुसऱ्याला मिळू दिला नाही. आपण जिंकतोय असं तिला वाटायला लागलं. वर्कशॉप आता भिंतीच्या पलीकडेच होतं.

तेव्हा समोरून आवाज आला.

डॅशबोर्डच्या आतून, जिथे कुणी कधी फोम भरला नव्हता. तीन ठोके. सावकाश. एकेक जणू निवडून दिलेला. मग पोकळी.

बाबांचं हसू विझलं. आरशात तिला त्यांचे डोळे दिसले. ते रस्ता बघत नव्हते. डाव्या हाताचं बोट स्टिअरिंगवरून हळूहळू वर उचललं जात होतं.

“बाबा, नको...”

बोट हवेत थांबलं.

“बाबा, नका देऊ... ते आपलं नाही.”

बोट खाली यायला लागलं. ठिणगी दोन सीटच्या मधून झेपावली आणि तिने तो हात स्टिअरिंगवरून ओढून काढला. दोन्ही हातांत घट्ट आवळून छातीशी धरला. हात बर्फासारखा गार होता. हळूहळू त्याने तिची बोटं परत दाबली. पोकळी लांबत गेली, लांबत गेली... आणि रिकामीच राहिली. ठोका पडला नाही.

तिने डोळे मिटून घेतले. इंजिनाची मऊ घरघर तेवढी ऐकू येत होती. गाडी संथ, सरळ चालली होती. भिंतीपलीकडच्या वर्कशॉपचा दिवा तिच्या पापण्यांवरून सरकून गेला असावा, असं वाटलं.

“गेलं, बाबा,” ती त्या हातात तोंड खुपसून म्हणाली. “गेलं. आता रोज बसत जाईन मी मागे. रोज. तुम्ही म्हणाल तिथे जाऊ.”

“हो गं.” बाबांचा आवाज थकलेला होता, पण त्यांचाच होता. “बसत जा. पण आता उजवा हात तरी सोड माझा.”

ठिणगीने डोळे उघडले. तिच्या हातांत त्यांचा डावा हात होता. त्यांचा उजवा खांदा मागे खेचला गेला होता; दंड दाराच्या आणि सीटच्या फटीतून मागे, तिच्या बाजूच्या अंधारात ताणून गेला होता.

“दोन्ही हात धरून बसलीस,” बाबा म्हणाले, “तर गाडी कोण चालवणार?”

समोर इंडिकेटरचा हिरवा बाण उघडझाप करायला लागला. स्टिअरिंग, बेताबेताने, सरावलेल्या हाताखाली फिरावं तसं फिरलं, आणि गाडी धरणाच्या रस्त्याला लागली.